तारेच्या वरचा खुंटा

१

काचेच्या पेटीला कुलूप होतं, काच शाबूत होती, आणि आतला एक खुंटा नाहीसा झाला होता.

"बघा," मेहुणी म्हणाली. "काल संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा होता. आज सकाळी येऊन बघते तर हे."

तपासनिसाने बघितलं. नोकरीतून मोकळा होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी लोक त्याला अजून तपासनीसच म्हणायचे. हयातभर त्याने दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या लबाड्या शोधल्या होत्या. आता त्याला काही शोधायचं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात बायको गेली, तेव्हापासून तो कुठे जात नव्हता. आज सकाळी बायकोच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाऊजी, दाढी करा आणि माझ्या ऑफिसात या." एवढं बोलून तिने फोन ठेवला. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. ते नव्हतं, म्हणून तो आला.

मेहुणी या संस्थेची संचालक. संस्थेचं काम एकच. देशाच्या चार पट्ट्यांत गेल्या दीडशे वर्षांत माणशी किती उत्पादन झालं, त्याची तुलना करायची. पेटीत त्याचंच लाकडी रूप मांडलं होतं. पलंगाएवढी फळी आणि तिच्यावर खुंट्यांच्या चार रांगा: नदीपट्टा, किनारा, डोंगरपट्टा, खाणपट्टा. एका दशकाला एक खुंटा. त्या दशकात पट्ट्यात जे काही पिकलं, खणलं, विणलं, त्याची बेरीज करायची आणि तिला तिथल्या डोक्यांनी भागायचं. येईल तेवढी खुंट्याची उंची. प्रत्येक रांगेमागून तांब्याची एक तार हळूहळू वर चढत गेली होती. ती सगळ्या देशाची सरासरी.

नदी आणि किनारा तारेच्या वर डोकं काढून उभे होते. डोंगर तारेखाली. खाणपट्टा त्याहून खाली, आणि त्याच्या रांगेत मध्येच भोक.

"एवढासा लाकडाचा तुकडा," तो म्हणाला. "दुसरा करून घे."

"खुंटा करून मिळेल हो. माझ्याच माणसांत कोणीतरी चोर आहे, त्याचं काय करू? उद्या सकाळी समिती येतेय. एक मोठं रुग्णालय आहे, ते एकाच पट्ट्याला द्यायचंय. जो पट्टा इतक्या वर्षांत एकदाही तारेच्या वर आला नाही, त्याला. एकदा जरी आपल्या पायावर वर आला असेल, तर तो पुन्हाही येईल, असा त्यांचा हिशेब."

"आणि हा खुंटा?"

"खाणपट्टा एकदाच तारेच्या वर गेला होता. आजोबांच्या काळात. तोच हा."

"म्हणजे रुग्णालय डोंगराला."

"हो. अहवालात आकडा छापलाय, पण अहवाल कोण वाचतंय? समिती येते, चहा घेते, खुंटे बघते आणि सही करते."

"किल्ल्या?"

"एक माझ्या पर्समध्ये, दुसरी बँकेत."

तपासनीस गुडघ्यांवर बसला. गुडघे कुरकुरले. फळीखाली वाकून बघितलं तर प्रत्येक खुंट्याचं बूड खाली आलेलं आणि त्याला एकेक लाकडी खीळ. खीळ काढली की खुंटा हातात. एक खीळ जमिनीवर पडली होती.

"मामा, हे काय?" त्याने शिपायाला विचारलं.

"आकडे अधूनमधून सुधारतात ना, साहेब," मामा म्हणाले. "मग जुना खुंटा खालून काढायचा, सुतार कापून देईल तो नवा खालून घालायचा. दर वेळी कोण कुलूप उघडत बसणार?"

"मला हे कोणी सांगितलंच नाही," मेहुणी म्हणाली.

"तुम्ही कधी वाकून बघितलं नाही, मॅडम."

तपासनीस फळीला धरून उठला. "मग हे माहीत तरी कोणाला?"

"मला आणि त्या तिघांना," मामा म्हणाले. "पण मी काल रजेवर होतो. आणि हजेरीच्या वहीत बघा, काल सगळ्यांत शेवटी ते तिघंच बाहेर पडले."

२

तिघांत मोठे दळणकाका. जुन्या नोंदी, बाजारभाव, खाणींची उचल असं सगळं दळून त्यातून ते पट्ट्याचं एकूण उत्पादन काढायचे, म्हणून हे नाव.

"चोरी?" ते म्हणाले. "अहो, त्या लाकडात चूल पेटणार नाही."

"खाणपट्ट्याने त्या दशकात एवढी उडी कशी मारली, काका?"

"मला विचाराल तर मारलीच नाही. माझा आकडा सपाट आहे. आधीच्या दशकात जेवढा माल, तेवढाच त्या दशकात. यंत्रं नवी आली होती, काम थांबलं नाही, बस्स. मी वरचा आकडा देतो. खालचा कोण देतं, त्यांना विचारा."

दुसरा नकाशेवाला. तरुण, घाईत बोलणारा. जुन्या सरहद्दी आजच्या सरहद्दींवर बसवून द्यायचं काम त्याचं, नाहीतर एका पट्ट्याचं पीक दुसऱ्याच्या नावावर जातं. त्याच्या टेबलावर पोलादी पट्ट्या, पुठ्ठे आणि पाती ओळीने लावलेली. डाव्या अंगठ्याला मोठी चिकटपट्टी.

"काय झालं?"

"पुठ्ठा कापताना. रोजचंच आहे." मग त्यानेच सांगून टाकलं, "साहेब, तुम्हाला कळेलच, म्हणून आधीच सांगतो. माझी आई खाणपट्ट्यात असते. दम्याची आहे. दवाखाना गाठायचा तर सकाळी निघून दुपार होते. आता म्हणा चोर."

"तिथली सरहद्द त्या दशकात हलली होती का?"

"तसूभरही नाही."

तिसऱ्या मोजणीबाई. लोकसंख्येचे आकडे त्यांचे. ज्याने भागायचं तो आकडा त्या द्यायच्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, समोर चहा गार झालेला.

"भागाकार बरोबर आहे, साहेब. मी पुन्हा पुन्हा करून बघितलाय."

"मग खुंटा एवढा उंच का?"

"बरोबर आहे म्हणून."

या उत्तराचं काय करावं ते त्याला समजेना. बाईंनीच विचारलं, "मॅडमचे भाऊजी ना तुम्ही? घरी किती माणसं?"

"दोन," तो म्हणाला. मग थांबला. "नाही. एक."

"दोनच सांगत जा," बाई म्हणाल्या आणि कागदात डोकं घातलं.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. सगळे खाली उपाहारगृहात गेले. मोजणीबाई डबा वरच विसरल्या म्हणून परत गेल्या, दळणकाका हात धुवायला उठले, नकाशेवाला आईला फोन करायला बाहेर गेला. तपासनिसाने हे बघितलं, पण मनात घेतलं नाही. समोरच्या ताटात त्याचं मन नव्हतं, तसंच त्यांच्यातही नव्हतं.

जेवून सगळे वर आले, तेव्हा मामा पेटीजवळ उभे होते आणि आत बोट दाखवत होते.

खुंटा जागेवर होता. फक्त तो आता तारेच्या वर नव्हता.

३

कोणीतरी त्याचा माथा उडवला होता. बाकीच्या खुंट्यांचे माथे सुताराने घासून गुळगुळीत केलेले. याचा ओबडधोबड, करकरून कापल्यासारखा, कडेला कुसं निघालेली. आणि चांगला खाली आला होता तो. तार वर राहिली होती.

मेहुणीने तपासनिसाला खोलीत नेऊन दार लावलं.

"अंगठा बघितलात त्याचा? आई तिकडे. पाती टेबलावर. अजून काय पाहिजे? काल रात्री घरी नेऊन कापला, सकाळी गुपचूप परत ठेवायचा होता, पण मी लवकर आले. म्हणून जेवणाच्या वेळी. उद्या समिती यायच्या आत मी त्याला कामावरून काढते."

"त्याने पुठ्ठा कापला म्हणतो."

"भाऊजी, चोर चोरी कबूल करत असते तर तुमच्या नोकरीत तुम्ही काय केलं असतं?"

हे बोलणं थेट त्याच्या बायकोचं होतं. बहिणी बहिणी. त्याने खिडकीबाहेर बघितलं.

"उद्या सकाळपर्यंत थांब."

"का?"

"कोणी लपवायला चोरतो, कोणी वापरायला चोरतो. हा तर परत आणून ठेवलाय. म्हणजे कोणीतरी तो बघावा, अशी त्याची इच्छा आहे. नुसतं अंगठ्यावरून माणूस घरी बसवू नकोस. तुझी ताई असती तर तिने मला हेच सांगितलं असतं."

मेहुणीने दार उघडलं. तेवढं तिला पुरलं.

४

घरी येऊन त्याने भात लावला. बायको होती तेव्हा या ओट्याशी त्याला कोणी उभं राहू देत नव्हतं. आता ओटा त्याचाच होता, खुर्च्याही त्याच्याच, सगळ्या उश्याही त्याच्या.

शेजारीण वाटीभर भाजी घेऊन दारात आली. "तुमचा सिलिंडर अजून तोच का हो? आमचा दुसरा संपत आला. काटकसर शिकावी तर तुमच्याकडून!"

"काटकसर कसली, वहिनी," तो म्हणाला. "माणूस कमी झालं."

शेजारीण ओशाळली, वाटी ठेवून गेली. तो मात्र ओट्याशी तसाच उभा राहिला.

सिलिंडर तेवढाच. पेन्शन तेवढीच. घर तेवढंच. आधी सगळ्याला दोनाने भागायचं, आता एकाने. कागदावर बघितलं तर या घराची भरभराट झाली होती. कोणी खुंटा बसवला असता, तर गेल्या हिवाळ्यापासून तो दुप्पट उंच झाला असता आणि एखाद्या समितीने मान डोलावली असती, की हा गृहस्थ आपल्या पायावर वर आला.

दळणकाकांचा आकडा सपाट. सरहद्द हलली नाही. भागाकार बरोबर.

भात खाली लागल्याचा वास आला, तेव्हा त्याने गॅस बंद केला. खुंटा उंच का झाला, ते त्याला कळलं होतं. कापला कोणी, ते अजून कळलं नव्हतं.

५

सकाळी समिती यायला अवकाश होता. तपासनिसाने तिघांना पेटीभोवती बोलावलं. मेहुणी दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"काका, एक गणित करून द्या. खाणपट्ट्यात त्या दशकात डोकी किती कमी झाली?"

"पाचातलं एक गेलं," काका म्हणाले. "मला वाटलं, कामाला किनाऱ्याकडे गेली असतील."

"तसं असतं तर किनाऱ्याची डोकी वाढली असती. वाढली, बाई?"

मोजणीबाईंनी मान हलवली. "कुठेच वाढली नाहीत."

"म्हणजे गेली ती कुठे गेली, हे उघड आहे. मेली. आता काका, ती मेलीच नसती, आधीइतकीच डोकी असती, तर खुंटा केवढा झाला असता?"

काकांनी गणकयंत्रावर बोटं आपटली, आकडा सांगितला. तपासनिसाने फूटपट्टीवर पेन्सिलीने खूण केली, मेहुणीकडून किल्ली घेतली, पेटी उघडली आणि पट्टी खुंट्याला लावली.

खूण जुळली नाही. कापलेला खुंटा तिच्यापेक्षाही नखभर खाली होता.

"झालं!" नकाशेवाला कडवट हसला. "म्हणजे अंदाजे कापला. बोला आता, माझंच नाव घ्या."

"तू कापला असतास तर तारेखाली जाईल एवढाच कापला असतास," तपासनीस म्हणाला. "रुग्णालयासाठी तेवढं पुरत होतं. आणि तुझ्या टेबलावर असली पाती असताना तू भाजीच्या सुरीने कशाला करकरत बसशील? काकांनी कापला असता, तर बरोबर या खुणेवर कापला असता. वरच्या आकड्यावर त्यांचा हात बसलेला, पण खालचा त्यांना दुसरं कोणी देतं. हा माणूस खुणेच्याही खाली गेलाय. खाली जायला डोकी आधीपेक्षा जास्त लागतात. आहेत त्याहून जास्त, होती त्याहूनही जास्त. अशी डोकी कुठून आणायची?"

त्याने फूटपट्टी खाली ठेवली.

"जे मेले, ते जगले असते तर त्यांना मुलं झाली असती," तो म्हणाला. "ती मुलंसुद्धा कोणीतरी धरली आहेत. मोजणीत जो आयुष्य घालवतो, त्यालाच हे सुचतं. काल मला कोणीतरी म्हणालं, घरी दोनच माणसं सांगत जा. बाई, डबा विसरला नव्हता तुम्ही."

मोजणीबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "डबा खालीच होता."

"तुम्ही?" मेहुणी पुढे आली. "तुमचं कोण आहे तिथे?"

"कोणी नाही, मॅडम. पण मोजलेत मी." त्यांचा आवाज चढला नाही. "धुळीने छाती भरायची, त्यात साथ आली. आधी पोरं गेली, मग बाया. खाण एक दिवस बंद पडली नाही. आपण त्याला उडी म्हणतो. मी तुमच्याकडे तळटीप मागायला आले होते. तुम्ही विचारलंत, भागाकार चुकलाय का? मी म्हटलं नाही. तुम्ही म्हणालात, मग तळटीप कशाला, जागा नाही. बरोबर उत्तराविरुद्ध तक्रार कुठे करायची असते, मला माहीत नव्हतं."

"म्हणून तुम्ही खोटा खुंटा ठेवलात," तपासनीस म्हणाला.

"खोटा कसा? धरायला हवीत तेवढी डोकी धरून काढलाय."

"ती डोकी नव्हती, बाई. असायला हवी होती. हा खुंटा बघून समितीला वाटेल, त्या दशकात काहीच झालं नाही. तुम्ही त्यांना जगवलं नाहीत, त्यांचं मरणही पुसून टाकलंत."

बाईंचा चेहरा पडला. हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. इतक्या वर्षांच्या मोजणीत हीच एक चूक, आणि ती मायेपोटी झालेली.

"वरचा तुकडा कुठे आहे?" त्याने हळू विचारलं.

त्यांनी पर्स उघडली. रुमालात बांधलेला लाकडाचा तुकडा बाहेर काढला. माथा गुळगुळीत, बूड कुसांचं.

"टाकवेना," त्या म्हणाल्या.

खाली गाड्यांची दारं वाजली. मामा धावत आले. "मॅडम, समिती!"

६

मेहुणी जागची हलली नाही. "भाऊजी, आता काय करू? हिला काढू? नवा खुंटा नाही. आणि डोंगरातली माणसंही खोकतात, तेही सांगून ठेवते. खाणपट्टा पुन्हा यादीत आला, तर त्यांचं हातातलं जाईल."

"जाईल कदाचित. ते समितीने ठरवावं. पण बघून ठरवावं."

"बघणार काय? भागाकार बरोबरच आहे!"

तो दमला होता. हे बोलावं लागणार, हे त्याला काल रात्रीपासून माहीत होतं आणि तेव्हापासून तो ते टाळत होता.

"तुझी ताई गेल्यापासून माझ्या घरात माणशी सगळं दुप्पट झालंय," तो म्हणाला. "गॅस दुप्पट टिकतो. खोल्या दुप्पट, पेन्शन दुप्पट. भागाकार तू स्वतः करून बघ, अगदी बरोबर येईल. मग माझं अभिनंदन कर."

मेहुणीने तोंड फिरवलं. जिन्यावर पावलं वाजू लागली. तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. मग मोजणीबाईंच्या हातातला तुकडा घेतला आणि पेटीत, कापलेल्या खुंट्याच्या माथ्यावर नेऊन ठेवला. डिंक नाही, खिळा नाही. तारेच्या वर तो सुटाच उभा राहिला, जरा कललेला.

समिती आली. तिने चहा घेतला. अध्यक्षबाईंनी खुंटे बघायला सुरुवात केली, नदीवरून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून डोंगरावर. खाणपट्ट्याशी त्या थांबल्या.

"हा वरचा तुकडा सुटा का?"

दालनात सगळे मेहुणीकडे बघत होते. तिने मोजणीबाईंकडे बघितलं. "तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तळटीप तुमची आहे."

बाई सांगू लागल्या. त्यांना भाषण येत नव्हतं. आधी पोरं, मग बाया, एवढंच त्यांनी क्रमाने सांगितलं. अध्यक्षबाईंनी मध्येच तो तुकडा उचलला, हातात तोलून बघितला आणि जपून परत ठेवला. त्या दिवशी सही झाली नाही. खाणपट्टा यादीत परत घेतला आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. म्हणजे अजून वाट बघणं आलं, डोंगराला आणि खाणीला दोघांनाही. नकाशेवाल्याने आईला फोन लावला, पण तिला काय सांगावं ते न सुचून नुसती तब्येत विचारली.

समिती गेल्यावर मेहुणीने मोजणीबाईंना बोलावलं. "लेखी समज देतेय. पुढच्या वेळी सुरी घरी ठेवा आणि माझ्याशी भांडा."

"तुम्ही भांडू देता?"

"नाही. तरी भांडा."

संध्याकाळी ती तपासनिसाला दारापर्यंत सोडायला आली. तो चपला शोधत होता, ती दार धरून उभी होती.

"मी घरी आले नाही इतके दिवस," शेवटी ती म्हणाली. "ताई नाही तिथे, पाय निघत नव्हता."

"मला माहीत आहे." त्याने चप्पल पायात सरकवली. "जेवायला येत जा. आज ये. मुलांना आण, त्या नकाशेवाल्यालाही आण, तो उपाशी दिसतो. बाईंनाही विचार."

"एवढी माणसं? तुमचा सिलिंडर महिनाभरही टिकायचा नाही, भाऊजी."

"न टिकू दे," तो म्हणाला.